गोदावरीलाही धाप लागते

सांगा बघू, एक लिटर हवेत जास्त ऑक्सिजन असतो की एक लिटर पाण्यात?

“पाण्यातच! पाणी म्हणजे एच-टू-ओ, आणि त्यातला ओ म्हणजे ऑक्सिजन,” असं वर्गातलं कुणीतरी पटकन म्हणेल. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो हे खरं, पण तो हायड्रोजनला घट्ट धरून बसलेला असतो. माशाला तो काही सोडवून घेता येत नाही. मासा जगतो तो पाण्यात वेगळ्याने विरघळलेल्या ऑक्सिजनवर, आणि हा ऑक्सिजन फार म्हणजे फारच थोडा असतो. नाशिकच्या एक लिटर हवेत सुमारे अडीचशे मिलिग्रॅम ऑक्सिजन सापडेल. एक लिटर स्वच्छ पाण्यात मात्र जेमतेम आठ मिलिग्रॅम! आपल्याला जे भरभरून मिळतं, त्याचा तिसावा हिस्सा माशाच्या वाट्याला येतो, आणि तेवढ्यावर तो पोहतो, पळतो, पिल्लं वाढवतो.

बरं, हे आठ मिलिग्रॅमही कायमचे नाहीत. पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यात साचलेल्या पाण्यात कधी कधी मासे अगदी वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. बघणारे म्हणतात, “किती छान खेळतायत!” ते खेळत नसतात हो. त्यांना धाप लागलेली असते.

आज मी तुम्हाला या धापेबद्दलच सांगणार आहे. माशांच्या, नदीच्या आणि मग तुमच्या-माझ्याही.

चला, गंगेवर जाऊ. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीला प्रेमाने गंगाच म्हणतात. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक शहर म्हणजे तिच्या प्रवासातले पहिले काही तास. उगमापासून शहर जेमतेम तीस किलोमीटर. वाटेत गंगापूर धरणात ती थांबते, तिथून आपल्या नळांना पाणी येतं, आणि उरलेली नदी पुढे निघते.

सोमेश्वरच्या धबधब्यावर तुम्ही गेला असालच. पावसाळ्यात तिथे पाणी काळ्या खडकांवर आपटतं, फुटतं, पांढरंशुभ्र होऊन खाली कोसळतं. फोटो काढायला गर्दी होते. पण तिथे एक महत्त्वाचं काम चाललेलं असतं. पाण्याचे बारीक बारीक थेंब होतात, हवेचे लाखो बुडबुडे पाण्यात शिरतात आणि ऑक्सिजन झपाट्याने विरघळतो. नदी तिथे पोटभर श्वास घेते. खडक, उतार, वळणं, धबधबे ही नदीची श्वास घ्यायची ठिकाणं आहेत. पाणी सपाट, संथ आणि अडलेलं असलं की हवेतला ऑक्सिजन फक्त वरच्या पृष्ठभागातून आत शिरतो, आणि तोही फार हळू.

आता एक गंमत बघा. सोमेश्वरचा पांढरा फेस थोडं पुढे गेला की विरून जातो. तपोवनाच्या खालच्या बाजूला मात्र कधी कधी असा फेस दिसतो की तो विरतच नाही. त्याचे पुंजके होतात आणि तरंगत लांबपर्यंत जातात. हा फेस साबणाच्या पावडरींचा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा. त्यातले रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात, त्यामुळे बुडबुडा लवकर फुटत नाही. फेस दिसायला एकच, पण एक नदीच्या श्वासाचा आणि दुसरा आपल्या मोरीतला.

मोरीतलं पाणी नदीत जातं कसं? शहरातून गोदावरीला छोट्या नद्या मिळतात. नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आणि दाट वस्त्यांच्या कडेने येते. वाघाडी पंचवटीतून येते. तपोवनात कपिला मिळते. पूर्वी हे सगळे स्वच्छ ओहोळ होते. आता त्यांच्या काठाने घरं उभी राहिली आणि ठिकठिकाणी गटारं त्यांत उतरली.

इथे आपण एक गणित करू. वही घ्याच. सोपं आहे, पण उत्तर बघून मी स्वतः दोनदा ताळा करून पाहिला.

शहरातला एक माणूस आंघोळ, कपडे, भांडी, संडास यांत मिळून दिवसाला साधारण शंभर लिटर सांडपाणी बाहेर टाकतो. घरगुती सांडपाण्याचं एक लिटर कुजायला सुमारे १६० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो असं धरू. स्वच्छ पाण्याच्या लिटरमध्ये असतो आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर सांडपाणी वीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन संपवतं. एका माणसाचं शंभर लिटर म्हणजे दोन हजार लिटर स्वच्छ पाणी. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या जवळजवळ १५ लाख होती. पंधरा लाख गुणिले दोन हजार म्हणजे तीनशे कोटी लिटर. रोज! गंगापूर धरण काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे साडेपाच टीएमसी, म्हणजे साधारण पंधरा-सोळा हजार कोटी लिटर पाणी मावतं. शहराचं सगळं सांडपाणी शुद्ध न करता त्यात ओतलं आणि हवेतून नवा ऑक्सिजन मिळालाच नाही, तर पन्नास-बावन्न दिवसांत अख्ख्या धरणातला ऑक्सिजन संपेल. आणि शहर तर २०११ नंतर कितीतरी वाढलं आहे.

पण हा ऑक्सिजन खातं कोण? सांडपाणी स्वतः थोडंच श्वास घेतं?

खातात जिवाणू. नदीत ते मुळात असतातच, आणि ते काही वाईट नसतात. पानं, मेलेले किडे, शेण, जे येईल ते फस्त करून ते नदी स्वच्छ ठेवतात. पण जेवताना त्यांनाही ऑक्सिजन लागतो. लग्नाच्या पंगतीची कल्पना करा. पन्नास पानांचा स्वयंपाक केलाय आणि पाचशे माणसं येऊन बसली. पहिल्या पंगतीतच भात संपला. मागच्या दाराशी उभे राहिलेले उपाशी. सांडपाणी आलं की जिवाणूंना खाऊच खाऊ मिळतो, ते भराभर वाढतात, आणि नदीतला ऑक्सिजन पहिल्याच पंगतीत संपतो. मागच्या दाराशी असतात मासे, खेकडे आणि पाण्यातले किडे. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना जड जायला लागतं.

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती तुम्ही पाहिलाच असेल. पूर आला की नाशिककर एकमेकांना विचारतात, “पाणी कुठवर आलंय? मारुतीच्या गुडघ्याला की छातीला?” पुराचं माप म्हणजे आपला मारुती. घाण मोजायला शास्त्रज्ञांकडेही असंच एक माप आहे. त्याचं नाव बीओडी. नदीचं पाणी बाटलीत घेतात, त्यातला ऑक्सिजन मोजतात, मग बाटली घट्ट बंद करून अंधारात, ठरावीक तापमानाला काही दिवस ठेवतात आणि पुन्हा मोजतात. जितका ऑक्सिजन कमी झाला, तितका जिवाणूंनी वापरला. जास्त वापरला म्हणजे पाण्यात घाण जास्त. आंघोळीसाठी चालेल अशा नदीच्या पाण्याची बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमपर्यंतच असावी, असा आपल्या देशातला नियम आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच मापाने देशभरातल्या नद्या तपासल्या. २०१८ च्या यादीत ३५१ प्रदूषित नदीपट्टे निघाले. त्यांतले सगळ्यात जास्त, म्हणजे ५३, आपल्या महाराष्ट्रात होते. आणि त्या यादीत सोमेश्वरपासून खालची आपली गोदावरीही होती. सोमेश्वरपासून! जिथे ती पोटभर श्वास घेते, त्याच्या पुढच्या पावलापासून. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

ऑक्सिजन पूर्ण संपला तर काय होतं? मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. ते गंधकाच्या संयुगांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो याचाच. हाच वायू पाण्यातल्या लोहाशी संयोग पावून काळा पदार्थ बनवतो, म्हणून गटाराचा तळ काळाकुट्ट दिसतो. पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो ना, तेव्हा खाली ऑक्सिजन संपलाय हे आपल्या नाकाला कळलेलं असतं.

कारखान्यांच्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. नळ, कड्या, गाड्यांचे भाग चकचकीत करायला त्यांना क्रोमियम किंवा निकेलचा मुलामा देतात. त्या कामाचं धुवण नीट शुद्ध न करता सोडलं, तर हे धातू नदीत जातात. जिवाणूंना ते खाता येत नाहीत. ते कुजत नाहीत, संपत नाहीत. ते गाळात बसतात, गाळातून किड्यांत आणि किड्यांतून माशांत जातात.

दसक-पंचकच्या पुढे, सायखेडा-चांदोरीकडे गेलात तर नदीवर हिरवागार गालिचा दिसेल. वर सुंदर जांभळी फुलं. हीच ती पाणवेल, पुस्तकातली जलपर्णी. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुलं सुरेख म्हणून लोकांनी ती हौसेने जगभर नेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली. तिचा एक देठ हातात घेऊन दाबून बघा, फुगीर आणि हलका लागतो. मधोमध कापलात तर आत हवेच्या बारीक पोकळ्याच पोकळ्या दिसतील. म्हणून ती तरंगते. तिची काळसर, झिपरी मुळं पाण्यात लोंबतात आणि नायट्रोजन, फॉस्फरस शोषून घेतात. शेतकरी पिकाला खत म्हणून जे घालतात, तेच हे. सांडपाण्यात ते भरपूर असतं. खत फुकट, पाणी फुकट, ऊन फुकट! मग काय, अनुकूल दिवसांत दोन आठवड्यांत वेलींची संख्या दुप्पट होते. आज दहा, पंधरवड्याने वीस, महिन्याने चाळीस. वर्षभरात किती होतील ते तुम्हीच काढा, पाटी अपुरी पडेल.

या गालिच्याखाली ऊन पोचत नाही. पाण्यातली हिरवी शेवाळं उन्हावर ऑक्सिजन बनवतात, त्यांचं काम थांबतं. वरून हवाही नीट शिरत नाही. वेल मेली की तळाला जाऊन कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजनही जातो. वर गालिच्यात डासांची अंडी सुखाने वाढतात. पुराच्या वेळी हाच पसारा सायखेड्याच्या पुलाला अडतो आणि पाणी गावाकडे वळतं. शहराने सोडलेलं खत असं खालच्या गावांच्या दारात उभं राहतं.

त्याच्याही खाली नांदूर मधमेश्वर आहे. इंग्रजांच्या काळात इथे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला. हळूहळू गाळ साचला, बेटं तयार झाली, दलदल झाली आणि पक्ष्यांनी ती जागा आपली मानली. हिवाळ्यात हजारो मैलांवरून बदकं येतात. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना हा मान मिळतो. जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी तरंगत्या पानांवरून टुकूटुकू चालते, ती बघायला अवश्य जा. पण हेही ध्यानात असू द्या की तिच्या पायाखालचं पाणी नाशिकमधून आलेलं असतं. त्याच्याही पुढे पैठणजवळ जायकवाडीचं धरण आहे. छत्रपती संभाजीनगरची मुलं त्या धरणाचं पाणी पितात.

“पण पाणी तर शुद्ध करूनच देतात ना?” हो, देतात. गाळतात, तुरटी घालतात, क्लोरीन घालतात. तरीही मूळ पाणी फार घाण झालं की काय होतं, याची एक खरी गोष्ट ऐका. १९५५ चा नोव्हेंबर. दिल्लीत यमुनेच्या पात्रात बदल झाले आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी पिण्याच्या पाण्याचा उपसा होत होता तिथवर येऊन पोचलं. अभियंत्यांच्या लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वराचे जिवाणू मेले. पण थोड्याच आठवड्यांत शहरात काविळीची साथ आली आणि सुमारे २९,००० लोक पिवळे पडले. क्लोरीनला न जुमानता एक विषाणू नळांतून घरोघरी गेला होता. त्या काळी तो कुणाला माहीतही नव्हता. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याला नाव मिळालं, हिपॅटायटिस ई. म्हणून पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि आई म्हणाली, “उकळूनच प्या रे,” तर कंटाळा करू नका. चांगली उकळी फुटली की हे विषाणूही मरतात.

आता मान वर करा. पाण्यातून बाहेर येऊ, हवेत.

जानेवारीतली पहाट. निफाडची द्राक्षबाग. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. अशा थंडीत द्राक्षांचे मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून शेतकरी रात्रभर जागून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात. अशा वेळी धुराकडे नीट बघा. धूर सरळ वर जातो आणि एका ठरावीक उंचीवर पोचला की अडतो. मग तो आडवा पसरतो आणि शेतावर पांढरी, सपाट चादर तयार होते. त्याला वर जायला कुणी अडवलं?

अडवलं हवेनेच. एरवी जमिनीजवळची हवा उबदार असते आणि वरची गार. उबदार हवा हलकी, ती वर जाते आणि धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि वर मात्र उबदार थर राहतो. उलटं झालं! खालची गार, जड हवा वर जाईना आणि धूरही जाईना. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. सूर्य वर आला, जमीन तापली की हा थर मोडतो. म्हणजे जानेवारीत सकाळी सातला, नेमक्या तुमच्या शाळेच्या वेळेला, आदल्या रात्रीचा धूर तुमच्या नाकाच्या उंचीवर असतो. शेकोट्यांचा, कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याचा, ट्रक-बसचा, विटभट्ट्यांचा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाचा, आणि रस्त्याच्या कामांची धूळही. सगळं एकत्र.

या सगळ्यांत खोडकर म्हणजे फार बारीक कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात. एक मिलिमीटरचे हजार भाग करा, तसे अडीच भाग म्हणजे या कणाची जास्तीत जास्त जाडी. तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण ओळीने मावतात. मोठी धूळ नाकातल्या केसांत अडकते. त्याहून बारीक धूळ श्वासनळीच्या चिकट द्रवात अडकते, आणि तिथले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ती वर, घशाकडे ढकलत राहतात. आत्ता, तुम्ही हे वाचत असतानाही हे काम चालू आहे! पण पीएम २.५ या पहारेकऱ्यांना चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथे सुमारे तीस कोटी इवलेसे वायुकोश आहेत. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की ऑक्सिजन पलीकडे रक्तात सहज जातो. अतिसूक्ष्म कणही तसेच पलीकडे जाऊ शकतात. म्हणून घाण हवेमुळे फक्त खोकला होत नाही, हृदयालाही त्रास होतो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वर्षाची सरासरी घेतली तर एक घनमीटर हवेत असे कण पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताची स्वतःची मर्यादा चाळीस आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेचे निकष न पाळणारी १०२ शहरं निवडली. महाराष्ट्रातली त्यांत सतरा होती, आणि त्यांत नाशिक होतं. द्राक्षांचं, गार हवेचं नाशिक!

अर्थात दिल्ली, लाहोर, काठमांडू, ढाका इथल्या मुलांची अवस्था आपल्यापेक्षा खूप बिकट आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, हिवाळ्यात वारा मंद, आणि खाली कोट्यवधी लोकांच्या चुली, भट्ट्या, गाड्या, शेतात पेटवलेले पिकांचे खुंट. नोव्हेंबरमध्ये दिल्ली-लाहोरला धुरामुळे शाळांना कधी कधी सुट्टी द्यावी लागते. सीमेच्या अलीकडे अमृतसर आणि पलीकडे लाहोर यांच्यात जेमतेम पन्नास किलोमीटर अंतर आहे. धुराला पासपोर्ट लागत नाही, तो दोन्ही बाजूंच्या मुलांच्या छातीत जातो. आणि सगळा धूर बाहेरचाच असतो असंही नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर अजून कितीतरी घरांत लाकडाची चूल पेटते. भाकरी भाजणाऱ्या आजीचे डोळे चुरचुरतात, आणि तिच्या मांडीवरचं बाळ तोच धूर ओढत असतं. घरातल्या आणि बाहेरच्या घाण हवेमुळे मिळून जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसं वेळेआधी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लहान मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त का होतो? एक तर तुमचा श्वास जलद चालतो, वजनाच्या मानाने तुम्ही बाबांपेक्षा जास्त हवा आत घेता. दुसरं, तुम्ही उंचीने लहान, म्हणून गाड्यांच्या धुराच्या नळकांड्यांजवळ असता. तिसरं म्हणजे तुमची फुप्फुसं अजून वाढतायत, आणि ती वाढ पार विशीपर्यंत चालते. पण यातच एक आनंदाची बातमी दडली आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं शाळकरी मुलांची फुप्फुसं मोजली. तिथल्या सरकारने गाड्या, ट्रक, कारखाने यांच्या धुरावर कडक नियम आणले, हवा हळूहळू सुधारली. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: स्वच्छ झालेल्या हवेत वाढलेल्या मुलांची फुप्फुसं आधीच्या मुलांपेक्षा चांगली वाढली होती. हवा बदलली, आणि फुप्फुसंही.

नदीचंही असंच होऊ शकतं. नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर इथे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं आहेत. तिथेही काम करतात जिवाणूच! पुष्कळ केंद्रांत मोठ्या टाक्यांमध्ये खालून पंपाने हवा सोडतात, पाणी खदखदताना दिसतं, आणि जिवाणूंची सगळी जेवणं तिथेच उरकतात. मग नदीला ऑक्सिजन द्यावा लागत नाही. पण सगळं सांडपाणी त्या केंद्रांपर्यंत पोचायला हवं, आणि केंद्रं दिवसरात्र नीट चालायला हवीत. नेमकं हेच होत नव्हतं, म्हणून नाशिकच्या काही नागरिकांनी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेची मदत घेतली आणि महापालिकेला कामाला लावलं. काही सुधारलं, बरंच बाकी आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये येतोय. लाखो लोक त्या पाण्यात बुडी मारतील, ओंजळीने ते तोंडात घेतील. माझं स्पष्ट मत आहे की घाट चकाचक करण्याआधी वाघाडी आणि नासर्डीत उतरणारं प्रत्येक गटार केंद्राकडे वळवायला हवं.

तुम्हाला काय करता येईल? आधी बघायला शिका. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत साधं पाणी भरा, एकीत मूठभर झेंडूच्या पाकळ्या टाका. झाकणं सैल लावून पाच दिवस ठेवा. पाणी कधी गढूळलं, वास कितव्या दिवशी आला ते लिहून ठेवा. नाक बाटलीला लावू नका, हाताने वारा घालून लांबूनच वास घ्या. संपलं की ते झाडाच्या मुळाशी ओता आणि हात साबणाने धुवा. निर्माल्य नदीत टाकतो तेव्हा काय होतं, ते पाचव्या दिवशी कुणी सांगावं लागणार नाही. तसंच, दोन जाड पांढऱ्या कार्डांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. एक रस्त्याकडच्या गॅलरीत ठेवा, एक आतल्या खोलीत. तीन दिवसांनी भिंगातून बघा. दिसतील ते मोठे कण, पीएम २.५ भिंगातून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्रीय मंडळाचं ‘समीर’ नावाचं अॅप आहे, घरच्यांच्या फोनवर नाशिकची हवा पाहता येते.

आणि घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन महिन्यातून एकदा घाटावर जा. पाण्यात उतरू नका, पायरीवरूनच बघा. तारीख, पाण्याचा रंग, वास, पाणवेली किती, मासे वर येतायत का, हे वहीत लिहा. फेसाचा एक पुंजका निवडा आणि तीसपर्यंत मोजा, विरला की तसाच राहिला तेही लिहा. वर्षभराच्या नोंदी झाल्या की शाळेत विज्ञानाच्या बाईंना दाखवा, आणि सगळ्या वर्गाने मिळून महापालिकेला एक पत्र लिहा. त्यात एकच प्रश्न विचारा: आमच्या घरातलं सांडपाणी कोणत्या केंद्रात जातं? उत्तर आलं की आम्हालाही कळवा.